जुन्या विलायती पेपरांचं सबस्क्रिप्शन : खेळाचं पान सोडून वाचलं तर पैसे वसूल

इंग्लंड-स्कॉटलंडची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं स्कॅन करून, पैसे घेऊन इंटरनेटवर वाचायला देणाऱ्या काही कंपन्या आहेत. त्यातल्या एकीचं सबस्क्रिप्शन मी घेतलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली कुरकुर बरीच आहे. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा त्यांच्या सर्चच्या अधू डोळ्यांसाठी कापला, अर्धा बिलिंगसाठी.

किंमत महिन्याला पंधरा पौंडांच्या आसपास. त्यावर आपली बँक परकीय चलनाचा अधिभार लावते आणि त्या अधिभारावर पुन्हा जीएसटी. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू नसतील तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, नाहीतर पेमेंट नुसतंच गोल गोल फिरत बसतं. आमच्याकडे हे सगळं भाच्यानं करून दिलं. "मामा, एवढ्या पैशात तीन ओटीटी येतील," असंही ऐकवून गेला. खरं आहे त्याचं. फक्त सर्च करणं फुकट आहे, तेव्हा आधी फुकटात नाव टाकून बघा. किती पानं निघतात ते दिसतं, दोन-तीन ओळींचा तुकडाही दिसतो. अख्खं पान उघडायला मात्र पैसे.

आता खडकीतल्या माणसाला इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावचा जुना पेपर कशाला हवा? सांगतो. मी इथेच वाढलो. ॲम्युनिशन फॅक्टरीत फिटर म्हणून लागलो तो फुटबॉलमध्ये राइट बॅक म्हणून बरा होतो म्हणून. आता निवृत्त आहे आणि सकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. प्रॅक्टिस संपली की कुंपणाशी स्कूटर लावून उभे असलेले आईबाप बूट पिशवीत भरता भरता विचारतात, "सर, आवड आहे पोराला, पण ह्याचं पुढे काय?" प्रश्न चुकीचा नाही. पुणे एफसी ही आपली व्यावसायिक टीम आली आणि बंद पडली. एफसी पुणे सिटी २०१९ साली गुंडाळली आणि आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधली तिची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला जाऊन ओरडून आलेल्या बापाला हे सगळं माहीत असतं. त्याला क्रिकेटचं उदाहरण देऊन भागत नाही.

म्हटलं, हा प्रश्न ज्या माणसांना सगळ्यात आधी पडला असेल, त्यांचंच बघू. १८८५ च्या जुलैत, म्हणजे आपलं फर्ग्युसन कॉलेज निघालं त्याच वर्षी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली. पगारावर खेळणारी ती पहिली पिढी पस्तिशीला पोचली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा पुढे काय केलं त्यांनी? खेळाच्या इतिहासात ते कधीच सापडत नाही. त्यात माणूस शेवटची मॅच खेळतो आणि जणू हवेत विरतो.

नवीन ग्राहकाला पहिलाच सल्ला : डावीकडच्या फिल्टरमध्ये 'स्पोर्ट' निवडू नका. मॅचचे वृत्तांत ढिगानं आहेत आणि वाचायला मजा येते, नाही असं नाही. कुठून कॉर्नर आला, वारा कुणाच्या बाजूनं होता, गोलकीपरनं चेंडू कसा मुठीनं मारला, सगळं येतं. मँचेस्टरचं 'ॲथलेटिक न्यूज' नावाचं खेळाचंच साप्ताहिक होतं, १८७५ साली सुरू झालेलं, ते तर मेजवानी आहे. पण त्याचा संपादक जे. जे. बेंटली हा काही काळ लीगचाही अध्यक्ष होता. त्यामुळे खेळाडूंच्या पगाराविषयी तिथे काय छापून आलं असेल हे वाचताना मीठ हाताशी ठेवावं. आणि खेळाच्या पानाला खेळणाऱ्या माणसाशीच मतलब असतो. ज्या हंगामात तो टीममधून गेला, त्या हंगामापासून त्या पानावरून त्याचं नावही गेलं.

तो सापडतो दारूच्या परवान्यांच्या रकान्यात.

हा रकाना एकदा नीट बघण्यासारखा आहे. मथळा बारीक, टाइप त्याहून बारीक, वर नाहीतर बाजूला बीचमच्या गोळ्यांची ही भलीमोठी जाहिरात. गावच्या मॅजिस्ट्रेटसमोर त्या आठवड्यात कुठल्या पबचा परवाना कुणाकडून कुणाच्या नावावर गेला याची नुसती यादी. आधी पबचं नाव, मग जुना परवानेदार, मग नवा. एकेक ओळ. स्कॅन करताना पानाची घडी बरोबर मधून गेली असेल तर नावाचं अर्धं अंग काळ्या पट्टीखाली. झूम करत करत सरकत जायचं, आणि अचानक ज्या माणसाचे गोल आपण मागच्या आठवड्यात मोजले तो ओळीच्या शेवटी उभा. फुटबॉलचा उल्लेख बहुतेक वेळा नाहीच. गावातल्या वाचकाला सांगायची गरजच नव्हती.

पब कशासाठी, हेही हळूहळू उलगडतं. तिकडे बहुतेक पब दारू गाळणाऱ्या ब्रुअरीच्या मालकीचे किंवा तिच्याशी बांधलेले. परवाना खेळाडूच्या नावावर, बिअर मात्र ब्रुअरीची आणि ब्रुअरीच्याच भावानं घ्यायची. ब्रुअरीला काय हवं होतं? दारावरची पाटी. अमक्या फायनलमध्ये गोल मारलेला माणूस आपल्या हातानं ग्लास भरून देतो म्हटल्यावर गिऱ्हाईक दोन गल्ल्या ओलांडून येणार. माझं मत विचाराल तर ही धड नोकरी नव्हती आणि धड धंदाही नव्हता. माणूस आपलं नाव भाड्यानं देत होता. पाच-सात वर्षांनी नवी पोरं फायनल जिंकतात, जुन्या नावाचं भाडं उतरतं. आणि गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाला रोज पंचवीस जण "एक आमच्याकडून" म्हणतात ते वेगळंच.

फर्गस सुटरचं नाव अलीकडे एका वेब सिरीजमुळे पोरांनाही माहीत झालंय. ग्लासगोचा पाथरवट. १८७८ साली लँकेशरमधल्या डार्वन या गिरण्यांच्या गावी आला. इंग्लंडचा दगड आमच्याकडच्या दगडापेक्षा टणक आहे, हात सुजतात, असं सांगून छिन्नी खाली ठेवली. मग त्याची चूल कशावर पेटत होती ते सगळ्या गावाला कळत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. १८८० साली तो शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला (आपला 'केसरी' निघाला तो त्यानंतरच्या जानेवारीत) आणि १८८४, १८८५, १८८६ असे लागोपाठ तीन एफए कप, म्हणजे त्या फुटबॉल असोसिएशनचे कप, जिंकला. पुढे १९०२ साली, सगळं कायदेशीर होऊन कैक वर्षं उलटल्यावर, त्यानं लँकेशरच्या एका पेपरला मोकळेपणानं सांगून टाकलं : ठरलेला पगार असा नव्हता, गरज पडली की खजिनदाराला गाठायचो, कधी तीन-तीन आठवडे काहीच नाही आणि मग एकदम दहा पौंड मागायचे. खेळ सुटल्यावर त्यानं दुसऱ्यांदा छिन्नी काही उचलली नाही. तोही हॉटेल-पबच्या धंद्यात गेला आणि १९१६ साली ब्लॅकपूलला वारला. या पहिल्या पिढीत त्याचं बरं चाललं असं म्हणायला हरकत नाही.

सुटरसारख्यांची फाइल वाचताना मला आमची फॅक्टरी सारखी आठवत होती. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका, डिफेन्सचे कारखाने यांच्या टीम असायच्या आणि खेळाडूला आधी नोकरी मिळायची. ट्रायल मैदानावर, पण हजेरी वर्कशॉपमध्ये. माझा गुडघा गेला तेव्हा सोमवारी सकाळी लेथ जिथल्या तिथे होतं, आणि आज पेन्शन आहे ती लेथची आहे, राइट बॅकची नाही. गंमत म्हणजे लँकेशरमध्ये १८८५ आधी नेमकं हेच चालायचं. गिरणीवाला किंवा क्लबचा कुणी हितचिंतक खेळाडूला नावापुरतं काम द्यायचा आणि त्या आडून पैसे पोचवायचा. त्याला सभ्य लोक लबाडी म्हणायचे, आणि होतीही. पण उघड पगाराची मुभा मिळाली तशी मोठ्या क्लबांत ही आडवाट हळूहळू बंद झाली आणि खेळाडूच्या हातात फुटबॉल सोडून दुसरं काही राहिलं नाही. पूर्ण वेळ व्यावसायिक होणं म्हणजे दुसरा धंदा विसरणं. आईबापांना मी हल्ली हेच सांगतो, आणि मग ते मला विचारतात की सर, मग आयटीआयला टाकू का. टाका ना. माझं काय जातंय.

कमाई तरी किती होती? १९०१ पासून लीगमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड, असा नियमच झाला. कुशल कारागिराच्या मजुरीच्या मानानं चांगलेच पैसे, पण चार पौंड हे वरचं टोक. सगळ्यांना तेवढे मिळत नसत, आणि उन्हाळ्यात हंगाम नसताना बऱ्याच जणांना कमी. शिवाय १८९३ पासून असं ठरलं होतं की करार संपला तरी क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडू दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकत नाही. म्हणजे जोर होता त्या वर्षांत दुप्पट भाव मागायची सोयही नाही. शिल्लक पडायची ती 'बेनिफिट'मधून. एकाच क्लबकडे बरीच वर्षं काढली की त्याच्या नावानं एक मॅच ठेवायची आणि त्या दिवशीचा गल्ला त्याला द्यायचा. आपल्याकडे थकलेल्या नटासाठी नाट्यसंस्था मदतीचा प्रयोग लावतात, तसलंच. फरक इतकाच की नाट्यगृहाला छप्पर असतं. तिकडे ऐन दिवशी पाऊस लागला की माणसाची दहा वर्षांची पुंजी चिखलात. या बेनिफिटच्या जाहिराती आणि जमलेल्या पैशांचे आकडे पेपरांत भरपूर सापडतात. सबस्क्रिप्शनचा हा खरा उपयोग. माणसाचा पगार कळणं अवघड, पण त्याचा शेवटचा गल्ला छापून येतो.

इथे सर्चविषयीची तक्रार नोंदवतो, कारण वेळ सगळ्यात जास्त त्यात जातो. जुना छापील मजकूर मशीननं वाचून टाइप केलेला आहे आणि ते मशीन माझ्यासारखंच चष्म्याशिवाय वाचतं. आर आणि एन शेजारी शेजारी आले की त्याला एम दिसतो, म्हणून 'हॉर्नबी' सापडला नाही तर 'हॉम्बी' टाकून बघावं. टी कधी एफ होतो, ई कधी सी होते. त्यात जोन्स, स्मिथ, रॉस असलं आडनाव असेल तर सरळ देवाचं नाव घ्यावं. नुसतं नाव टाकलं तर हजारो पानं, त्यातली निम्मी घोड्यांच्या शर्यतीची. त्यामुळे आडनाव, गावाचं नाव, आणि 'लायसन्स' किंवा 'बँकरप्ट' यांपैकी एक शब्द, अशी तीनच टाका आणि सालांची मर्यादा दहा वर्षांच्या आत ठेवा. लायसन्स लिहिताना इंग्रजांचं स्पेलिंग वापरायचं, अमेरिकेचं नाही. चुकीचं वाचलेलं आपण दुरुस्त करून पाठवू शकतो अशी सोय आहे. म्हणजे पैसेही आपण द्यायचे आणि प्रूफंही आपणच तपासायची.

दुसरी अडचण, मोबाइलवर हे प्रकरण वापरू नका. त्या काळच्या पेपरचं पान केवढं अवाढव्य असतं! एका बाजूला झूम केलं की दुसरी बाजू हरवते, आणि बोट जरा घसरलं की आपण परवान्यांच्या रकान्यातून थेट ओट आणि बार्लीच्या बाजारभावात. कॉम्प्युटर असेल तरच घ्या.

शेफील्डचे पेपर आले की फुल्क आलाच. विल्यम फुल्क, जन्म १८७४, आधी कोळसा खाणीत, मग शेफील्ड युनायटेडचा गोलकीपर. सहा फुटांच्या वर चांगलाच उंच, आणि पुढे पुढे वजन सव्वाशे किलोच्याही वर गेलेलं. लोक जाडा म्हणून चिडवायचे, तरी १८९७ साली इंग्लंडकडून खेळला आणि १९०० साली डर्बीशायरकडून क्रिकेटही. १९०५ साली चेल्सी नावाचा नवाकोरा क्लब निघाला, त्यानं पन्नास पौंडांत त्याला उचलून पहिला कॅप्टन केला. त्याच्या शेवटाबद्दल एक गोष्ट फार फिरते. ब्लॅकपूलच्या वाळूत उभा राहून पेनीला एक किक, गोल अडवून दाखवायचा, तिथेच थंडी भरून न्यूमोनियानं गेला, अशी. गोष्ट म्हणून रडवते, पण खरं दिसतं ते साधं आहे. शेफील्डला मॅटिल्डा स्ट्रीटवर त्याचं दुकान आणि पब होता, आणि १९१६ च्या मे महिन्यात तो ४२ व्या वर्षी गेला तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर यकृताचा सिऱ्होसिस लिहिला गेला. वर म्हटलं ना, "एक आमच्याकडून". वाळूतल्या गोष्टीत दोष थंडीचा होतो. दाखल्यात तो कुणाचा आहे हे प्रत्येकानं आपलं आपण ठरवावं.

फुल्कमुळे शेफील्ड युनायटेडमधला त्याचा बदली गोलकीपर भेटला आणि या सबस्क्रिप्शनचे माझे पैसे तिथे वसूल झाले. आर्थर व्हॉर्टन. १८६५ साली आक्र्याला, म्हणजे आजच्या घानात जन्मलेला. बाप ग्रेनाडा बेटाचा, मेथडिस्ट मिशनरी. आई तिथल्या फांते घराण्यातली. पोरगा इंग्लंडला आला तो धर्मप्रसारक-शिक्षक होण्यासाठी, आणि झाला धावपटू. १८८६ साली लंडनमध्ये शंभर यार्ड बरोबर दहा सेकंदांत पळाला, त्या काळातला विक्रम. प्रेस्टनकडून गोलात उभा राहिला, १८८९ साली रॉदरहॅमला पगारी झाला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतात. मॅचच्या वृत्तांतांत त्याच्या रंगावरून जे विनोद केलेत ते इथे लिहिण्याच्या लायकीचे नाहीत. तुम्ही वाचाल तेव्हा तयारी ठेवून वाचा.

त्यालाही खेळत असतानाच रॉदरहॅममध्ये पब मिळाला. म्हणजे पाटीवर तोही चढला. १९०२ साली स्टॉकपोर्टकडून शेवटचं खेळला. त्यानंतर खेळाच्या पानावर शुकशुकाट. पुढची वर्षं त्यानं काढली ती डॉनकास्टरजवळ एडलिंग्टनच्या यॉर्कशायर मेन खाणीत, कोळशाच्या गाड्या ओढण्या-ढकलण्याच्या कामावर. ज्याच्या दहा सेकंदांवर लंडनमध्ये टाळ्या पडल्या, तो पन्नाशी-साठीत जमिनीखाली डबे हलवत होता. १९३० च्या डिसेंबरात वारला आणि बिनदगडाच्या थडग्यात पुरला गेला. दगड बसला १९९७ साली, शेफील्डच्या वंशभेदविरोधी फुटबॉल मोहिमेनं पैसे उभे करून. २०१४ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्कला, त्याचा सोळा फुटी पुतळा उभा राहिला. आमच्या अंडर-फोर्टीनच्या पोरांना मी ही गोष्ट प्रोजेक्टरवर दाखवली तर पहिला प्रश्न आला, "सर, पण दहा सेकंद हँड-टायमिंग होतं ना?" पोरं पुण्याची आहेत.

बिनदगडाचं थडगं हे काही व्हॉर्टनचं एकट्याचं नशीब नाही. बिली मेरेडिथ घ्या. वेल्सच्या चर्क गावचा, बाराव्या वर्षी खाणीत गेलेला, १८९४ पासून मँचेस्टर सिटीकडून खेळलेला, तोंडात टूथपिक चघळत राइट विंगवरून पळणारा. मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांकडून खेळून, पन्नाशीला टेकेपर्यंत मैदानात राहिला. १९५८ साली गेला आणि त्याच्या थडग्यालाही दगड मिळायला २००१ उजाडलं. आणि हा तर संघटना बांधणारा माणूस! १८९८ साली खेळाडूंची एक युनियन निघून थोड्याच वर्षांत बसली होती. १९०७ च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात ती पुन्हा उभी राहिली, त्यात मेरेडिथ पुढे होता. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक राखीव टीमच्या मॅचमध्ये चेंडूला डोकं लावल्यावर कोसळून मेला होता आणि घरच्यांच्या हाती काही पडलं नव्हतं. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९०६ चा. पण फुटबॉलपटू हा कामगार आहे का, यावर कोर्टाला बसावं लागलं. क्रिस्टल पॅलेस क्लबविरुद्ध वॉकर नावाच्या खेळाडूच्या खटल्यात निकाल लागला की आहे, कामगारच आहे. आता यात एवढं डोकं खाजवण्यासारखं काय होतं? ज्याला वेळेवर हजर राहावं लागतं, मालक सांगेल तिथे जावं लागतं आणि मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम धरता येत नाही, त्याला फॅक्टरीत तरी आम्ही कामगारच म्हणायचो. हे खटले आणि युनियनच्या सभा शोधायला ही साइट उत्तम आहे.

सगळेच काही खाणीत आणि गुत्त्यात संपले असं नाही. वेस्ट ब्रॉमविचचा बिली बॅसेट आपल्याच क्लबच्या संचालक मंडळावर गेला आणि १९०८ पासून १९३७ साली मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. ब्लॅकबर्न आणि एव्हर्टनचा जॅक साउथवर्थ, ज्यानं १८९३ साली एका मॅचमध्ये सहा गोल मारले, तो दुखापतीनं थांबला आणि वादक झाला, थेट मँचेस्टरच्या नामांकित हॅले ऑर्केस्ट्रात. हा माणूस मला सगळ्यात आवडला. खेळत असतानाच त्याच्या हातात दुसरी विद्या होती.

आणि स्टीव्ह ब्लूमर! १८९२ पासून डर्बी काउंटीकडून खेळला, इंग्लंडसाठी २३ मॅचमध्ये २८ गोल. १९१४ च्या सुरुवातीला चाळिशीला बूट काढले आणि जुलैत बर्लिनच्या एका क्लबचा कोच म्हणून गेला. जुलै १९१४, बर्लिन. ज्योतिषाला विचारून मुहूर्त काढला असता तरी याहून वाईट निघाला नसता. तीन आठवड्यांत महायुद्ध पेटलं आणि ब्लूमर रूलेबेनला, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उभ्या केलेल्या नजरकैदेच्या छावणीत. तिथे इंग्लंडचे आणखीही खेळाडू अडकलेले होते, त्यांनी छावणीतच लीग खेळली. सुटल्यावर पुढे तो स्पेनला गेला आणि १९२४ साली इरूनच्या रेआल उनिओनला तिथला राष्ट्रीय कप मिळवून दिला. मग परत डर्बी, त्याच मैदानावर पडेल ते काम. १९३८ साली गेला. कोचिंग हा व्यवसाय होऊ शकतो हे त्याच्या पिढीनं परदेशात जाऊन दाखवलं. घरी इंग्लंडमध्ये क्लबांना तेव्हा कोच म्हणजे तेलमालीश करणारा आणि पळायला लावणारा माणूस वाटायचा.

पुणेकरांसाठी वेगळी सूचना. या साइटवर चुकूनही 'पूना' टाकू नका, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचं असेल तर नाही. फुल्कची ती इंग्लंडकडूनची मॅच मार्च १८९७ ची. तेवढ्यासाठी त्या महिन्याचे अंक उघडले तर दोन रकाने सोडून प्लेगच्या तारा. मग जून उघडला. गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्याची बातमी, मग संशय, मग टिळकांवरचे अग्रलेख. ज्या रस्त्यावरून मी रोज युनिव्हर्सिटीच्या सिग्नलला खोळंबतो, त्याचं नाव लँकेशरच्या गिरणी-गावातल्या पेपरात इंग्रजांच्या बाजूनं वाचायला विचित्र वाटतं, आणि राग येतो, आणि तरी पान बंद करवत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी फुटबॉल सोडून नुसतं एवढ्यासाठीही एक महिना घ्यावा. बाकी 'पूना'चे बरेचसे निकाल कुठली पलटण कुठून कुठे हलली याचेच आहेत, ते गाळायला 'रेजिमेंट' शब्द वगळून सर्च करायची सोय आहे.

ग्राहकसेवा सभ्य आहे. मेलला उत्तर येतं, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो" छापाचं, पण येतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच, तेव्हा वामकुक्षी मोडायची तयारी असेल तरच फोनच्या फंदात पडा. बिलिंगचं म्हणाल तर महिना संपला की ते न विचारता पुढच्या महिन्याचे पैसे घेतात. रद्द करायचं बटण अकाउंटच्या आत, त्याच्या आत आणि त्याच्याही आत आहे. घेतल्या दिवशीच ते शोधून दाबून ठेवा. महिना पुरा होईपर्यंत वाचता येतं, काही बिघडत नाही. वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं असं ते दर आठवड्याला मेल करून सांगतात. ऐकू नका. आधी यादी करा, कुठला खेळाडू, कुठलं गाव, कुठली सालं. मग एक महिना घ्या, पानं डाउनलोड करून ठेवा आणि सोडून द्या. डाउनलोड एकेका पानाचंच होतं, अख्ख्या अंकाचं नाही.

काही गावांचे मधले अंक गायब आहेत, तेही आधी फुकटात तपासून घ्या. मी नेमका फुल्क गेला त्या महिन्याचा एक अंक शोधत होतो, तर तिथे 'लवकरच उपलब्ध' अशी पाटी. मेल केला तर म्हणाले, स्कॅनिंगच्या रांगेत आहे. रांग कुठवर आली विचारलं, तर त्यांनी मला वर्षाच्या पॅकेजवरची सवलत कळवली.